मुले सरावात खेळतात आणि सामन्यात विसरतात, तेव्हा प्रशिक्षकाने काय बदलावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ऐरोलीच्या शाळेत तुम्ही गणित शिकवता, महाविद्यालयात असताना बास्केटबॉल खेळत होता, म्हणून यंदा १४ वर्षांखालील मुलांचा संघ तुमच्याकडे आला आहे. १६ मुले, उघड्यावरचे सिमेंटचे एक कोर्ट, दोन रिंग, आठ चेंडू, आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास आणि शालेय जिल्हा स्पर्धेला उरलेले दहा आठवडे, एवढे तुमच्या हाताशी आहे. गेल्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. सरावात सगळे नीट करणारी मुले सामना सुरू होताच शिकवलेले विसरतात, अशी तुमची तक्रार आहे. आणि त्यावर उपाय म्हणून २-३ झोन (दोघे पुढे, तिघे रिंगजवळ, प्रत्येकाने आपली जागा राखायची) लावावा की मॅन टू मॅन (प्रत्येकाने समोरच्या एकेका खेळाडूला रोखायचे), सेट प्ले (आधी ठरवलेल्या चाली) किती बसवावेत आणि कडेला उभे राहून मुलांना किती ओरडून सांगावे, हे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांचे व वसाहतींच्या मैदानांवरचे संघ मी गेली २२ वर्षे शिकवत आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणारच आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण त्या तिन्हींच्या अलीकडे आहे. मुले विसरत नाहीत. सामन्यात ज्याची गरज पडते ते त्यांनी सरावात फारसे केलेलेच नसते. रांगेत उभे राहून आपला क्रमांक आल्यावर मोकळ्या रिंगवर ले-अप, म्हणजे धावत जाऊन अगदी जवळून शॉट, मारणे ही एक गोष्ट आहे. आणि समोर हात पसरून उभा असलेला मुलगा, डावीकडून धावत येणारा दुसरा, उजवीकडे मोकळा असलेला आपला साथीदार, हे सगळे एका क्षणात पाहून चेंडूचे काय करायचे ते ठरवणे ही निराळीच गोष्ट आहे. पहिलीचा सराव कितीही केला तरी दुसरी आपोआप येत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. मी लिहितो आहे ते १२ ते १४ वयाच्या, वर्ष-दोन वर्षे खेळलेल्या मुलांसाठी आहे. महाविद्यालयीन संघ असता तर सेट प्ले आणि प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास यांना मी बराच अधिक वेळ दिला असता. १२ वर्षांखालील मुले असती, तर सर्वांत आधी ५ क्रमांकाचा लहान चेंडू आणला असता आणि शक्य असते तर रिंगही नेहमीच्या ३.०५ मीटरवरून मिनी बास्केटबॉलच्या २.६० मीटरवर उतरवली असती, कारण ताकद कमी पडली की मूल कमरेपासून चेंडू भिरकावू लागते आणि ती सवय पुढे कित्येक वर्षे सुटत नाही. तुमच्या स्पर्धेत कोणत्या क्रमांकाचा चेंडू वापरतात ते आजच विचारून घ्या आणि सराव त्याच चेंडूने करा.

आता तुम्ही गणिताचे शिक्षक आहात म्हणून थोडा हिशेब मांडतो. दहा आठवड्यांचे कागदावर ३० सराव होतात. परंतु हे दहा आठवडे जून ते ऑगस्टमधले आहेत आणि तुमचे कोर्ट उघड्यावर आहे. आपल्याकडच्या पावसात यातले दहा-बारा सराव कोर्टवर होणार नाहीत, हे गृहीत धरूनच चाला. घटक चाचणीचा आठवडा वेगळाच. म्हणजे हातात साधारण १६ सराव, २४ तास. एवढ्या वेळात दहा गोष्टी शिकवायला गेलात तर एकही पक्की होणार नाही. संघाचे प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः काय शिकवायचे नाही ते ठरवणे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. आणि सुरुवातीच्या काळात मला हेच सर्वांत जड गेले, कारण आपल्याला येणारे सगळे मुलांना द्यावे अशी आपली तळमळ असते.

कोपरखैरण्याच्या एका मैदानावर बऱ्याच वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. पाय मुरगळल्यामुळे एक मुलगी बाजूला बसली होती. तिला काहीतरी काम असावे म्हणून मी वही-पेन्सिल दिली आणि एका मुलाच्या नावापुढे, तो चेंडू रिंगवर मारेल तितक्या वेळा उभी रेघ मारायला सांगितले. १४ मुले, एक रिंग, ले-अपची रांग, मध्ये मध्ये माझे समजावणे. २० मिनिटांनी तिने वही पुढे केली, तेव्हा त्या मुलाच्या नावापुढे ११ रेघा होत्या, आणि त्या अकरांपैकी एकाही वेळी त्याला अडवायला समोर कोणी नव्हते. उरलेला सगळा वेळ तो रांगेत उभा होता. पुढच्या सरावाला त्याच मुलांना मी दोन्ही रिंगवर तिघांविरुद्ध तिघे असे खेळायला लावले, दोघे आलटून पालटून बाहेर. या वेळी त्या मुलाच्या हाती चेंडू आला की रेघ, असे तिला सांगितले होते. तेवढ्याच २० मिनिटांत सत्तरच्या आसपास रेघा झाल्या आणि जवळजवळ प्रत्येक वेळी समोर कोणीतरी होते. त्या दिवसापासून रांग हा प्रकार मी सरावातून जवळपास काढूनच टाकला.

जागेचा हिशेबही याच बाजूने आहे. २८ बाय १५ मीटरच्या कोर्टचा अर्धा भाग २१० चौरस मीटरचा असतो. त्यात दहा मुले घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला २१ चौरस मीटर येतात, सहा घातली तर ३५. नवशिक्या मुलाला विचार करायला जी जागा आणि जो क्षणभर अवधी लागतो, तो त्याला तिघांच्या खेळात मिळतो. तुमची १६ मुले अशी वाटा: दोन्ही रिंगवर सहा-सहा, आणि उरलेली चार मुले भिंतीवर किंवा जोडीने पासिंगला. दर पाच मिनिटांनी बदल. दीड तासातली निदान ५० मिनिटे अशी जावीत.

मात्र नुसते खेळू दिले आणि आपण शिट्टी घेऊन उभे राहिलो, तर जो आधीपासून चांगला आहे तोच चेंडू घेऊन फिरत राहतो. म्हणून खेळाला एकेक अट घालायची, आणि अट अशी निवडायची की जे शिकवायचे आहे ते केल्याशिवाय गुण मिळूच नये. माझी सर्वांत आवडती अट अशी: ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणे, पूर्ण बंद. १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी या खेळाचे जे मूळ १३ नियम केले, त्यांत ड्रिबल नव्हताच. चेंडू जिथे पकडला तिथूनच पुढे टाकायचा होता. तसेच आठ-दहा मिनिटे खेळून पाहा. पहिली दोन मिनिटे गोंधळ होईल, चेंडूवाल्याकडे सगळे धावतील आणि कोणालाच पास देता येणार नाही. नंतर एखादे मूल चेंडूपासून दूर, रिंगकडे पळेल, त्याला पास मिळेल, आणि बाकीच्यांच्या लक्षात येईल की मोकळे होण्याचे काम चेंडू हातात नसलेल्यांचे आहे. जे मी फळ्यावर काढून वर्षभर सांगत होतो ते मुलांना तिथे दिसते. दुसरी अट दोघांविरुद्ध एकाची: समोरचा एकटा चेंडूवाल्याकडे गेला तर पास द्यायचा, मागे सरकला तर स्वतः रिंग गाठायची. पुढे तिघांविरुद्ध दोघे. सामन्यातला फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचे मागे परतण्याआधी केलेला जलद हल्ला, नेमका हाच असतो.

कौशल्यांपैकी ज्याला सर्वाधिक वेळ द्यावा असे मला वाटते ते हाताचे नसून पायांचे आहे. १४ वर्षांखालील सामना कधी वही घेऊन पाहा. चेंडू गमावण्याची कारणे लिहू लागलात की ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जास्त पावले टाकणे) आणि तोल जाऊन दिलेला चुकीचा पास हीच दोन पुन्हा पुन्हा लिहावी लागतील. धावत येऊन, गुडघे वाकवून, दोन्ही पाय एकाच वेळी टेकवून थांबणे, म्हणजे जम्प स्टॉप, आणि नंतर एक पाय खिळल्यासारखा ठेवून दुसरा फिरवणे, म्हणजे पिव्हट, एवढे ज्याला आले तो मुलगा समोरच्याने घेरले तरी घाबरत नाही. मी खडूने कोर्टवर एक चौकोन काढतो. मूल धावत येते, चौकोनात थांबते, आणि मी मनात दोन मोजेपर्यंत त्याची टाच उचलली गेली नाही तरच पास द्यायला परवानगी. सुरुवातीला सगळी मुले पुढे झोकांडी खातात, कारण ती उभ्यानेच थांबायला पाहतात. कंबर खाली आली पाहिजे. हे बसायला तीन आठवडे लागतात आणि याच सवयीने उडी मारून खाली येताना गुडघा आत वळण्याचा धोकाही कमी होतो, जो विशेषतः वाढीच्या वयातील मुलींच्या बाबतीत फार जपावा लागतो.

आता तुमचा पहिला प्रश्न: झोन की मॅन टू मॅन. प्रामाणिकपणे सांगायचे तर २-३ झोन लावलात तर यंदा एखादा सामना अधिक जिंकण्याची शक्यता आहे. तीन गुणांच्या रेषेवरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून, शॉट मारायला या वयाच्या बहुतेक मुलांच्या हातात ताकद नसते, त्यामुळे पाच जण रिंगभोवती उभे केले की समोरच्या संघाला मार्गच सापडत नाही. मी हे केले आहे. एका वर्षी ठाण्यातील माझ्या संघात वयाच्या मानाने बराच उंच मुलगा होता. त्याला मी झोनच्या मध्यभागी, रिंगखाली उभे केले, रिबाउंड (शॉट हुकल्यावर उसळलेला चेंडू) घ्यायचा आणि लगेच दुसऱ्याला द्यायचा एवढेच काम सांगितले, आणि त्या मोसमात आम्ही भरपूर सामने जिंकलो. तीन वर्षांनी १७ वर्षांखालील गटात बाकीच्या मुलांची उंची त्याच्याएवढी झाली. समोरचे संघ बाहेरून शॉट मारू लागले, म्हणून झोन सोडावा लागला, आणि मोकळ्या जागेत एका माणसाला रोखायचे कसे, हे त्याला किंवा इतर कोणालाच येत नव्हते. ड्रिबल करायलाही मी त्याला कधी शिकवले नव्हते. सतराव्या वर्षी त्याने खेळ सोडला. त्या मुलाचे मी नुकसान केले, असे मी आजही मानतो.

म्हणून माझे उत्तर मॅन टू मॅन असे आहे, आणि सोबत हेही की १३ वर्षांच्या मुलाची जागा उंचीवरून ठरवू नका. सर्वांना सर्व काही करू द्या. मॅन टू मॅन शिकवताना दोनच गोष्टी पक्क्या करा. ज्याच्या माणसाकडे चेंडू आहे त्याने हाताच्या अंतरावर, तो माणूस आणि रिंग यांच्या मध्ये उभे राहायचे आणि चेंडू हिसकावण्याच्या मोहात हात मारायचा नाही, कारण एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात. बाकीच्या चौघांना आपला माणूस आणि चेंडू दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजेत. एका हाताने चेंडूकडे, दुसऱ्याने आपल्या माणसाकडे बोट दाखवून उभे राहायला सांगा आणि मान न वळवता दोन्ही बोटे दिसतात का ते विचारा. चेंडू जितका दूर तितके आपल्या माणसापासून रिंगच्या दिशेने सरकायचे, म्हणजे साथीदार चुकला तर मदतीला पोहोचता येते. शॉट गेला की आधी पाठीने आपल्या माणसाला अडवायचे आणि नंतर चेंडूकडे पाहायचे. संरक्षणाचे एवढे पुरे आहे.

सेट प्लेबद्दल थोडक्यात: एक. बेसलाइनवरून (रिंगमागच्या रेषेवरून) चेंडू आत टाकतानाचा एक प्ले बसवा, कारण तिथे पाच सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो आणि मुले गडबडतात. बाकी खेळासाठी प्लेऐवजी तीन सवयी लावा: पास दिला की रिंगकडे पळायचे, रिकामी झालेली जागा शेजाऱ्याने भरायची, आणि दोन साथीदारांत चार-पाच मीटरचे अंतर ठेवायचे. अंतरासाठी खडूने पाच गोल काढा. फुल-कोर्ट प्रेस करणारा, म्हणजे संपूर्ण कोर्टवर अंगावर येऊन रोखणारा, संघ समोर आला तर आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची असते. तेव्हा एका मुलाने मधोमध येऊन पास घ्यावा आणि तोंड पुढे करून थांबावे. जम्प स्टॉप आणि पिव्हट पक्के असतील तर प्रेसची भीती निम्मी संपलेली असते.

ओरडण्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन वूडन यांनी १९६४ ते १९७५ या काळातील १२ मोसमांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या अखेरच्या मोसमात रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला बसून ते काय काय बोलतात ते नोंदवत होते. नोंदलेल्या दोन हजारांहून अधिक उद्गारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उद्गारांत खेळाडूला काहीतरी माहिती होती: काय करावे, कसे करावे. शाबासकी आणि नाराजी या दोन्हींचा वाटा लहान होता. हे वाचल्यावर मी माझे दोन सराव फोनवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकले. ‘जोर लाव’, ‘लक्ष कुठे आहे’, ‘चल चल चल’ यांनीच सगळा वेळ भरलेला होता. जोर लाव म्हटल्याने मुलाने नेमके काय करायचे? त्याऐवजी ‘कंबर खाली’, ‘डावीकडे बघ’, ‘दोन पावले मागे’ असे सांगितले तर तो ते लगेच करू शकतो. वाक्य लहान, कृती एक, आणि शक्य तितके त्या मुलाजवळ जाऊन, त्याचे नाव घेऊन.

टाइमआउटचेही तेच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट मिळतात, प्रत्येकी एका मिनिटाचे; स्थानिक स्पर्धेत वेगळे असू शकते, नियमपत्रक पाहून घ्या. वाशीतील एका सामन्यात शेवटचे मिनिट उरले असताना मी टाइमआउट घेऊन चार सूचना दिल्या, आणि मुले निघताना एकाला थांबवून विचारले की आता काय करायचे. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि नंतर खाली स्वतःच्या बुटांकडे. त्याला एकही सूचना पोहोचली नव्हती. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: पहिली २० सेकंदे पाणी आणि श्वास, नंतर एकच सूचना, आणि नंतर ती सूचना एका मुलाने मोठ्याने परत सांगायची. खेळ चालू असताना मी सहसा गप्प राहतो. चेंडूवाल्याला कडेवरून ‘पास दे, पास दे’ सांगत राहिले की तो कोर्टकडे पाहायचे सोडून आपल्याकडे पाहू लागतो.

पावसाच्या दिवसांचे नियोजन आधीच करून ठेवा. सिमेंटच्या कोर्टवर कोपऱ्यांत शेवाळ धरते. पाऊस थांबला असला तरी पायाने घासून पाहिल्याशिवाय मुलांना धावू देऊ नका. कोर्ट ओले असेल तर शाळेचा व्हरांडा किंवा सभागृह मागून घ्या. तिथे पिव्हट, बचावाची चाल, उतरताना गुडघे सांभाळण्याचा व्यायाम आणि दोघांत एक चेंडू घेऊन पासिंग, एवढे उत्तम होते. खाली वर्ग चालू असल्यास ड्रिबलचा आवाज होतो, तेव्हा मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्या. पाऊस उघडल्यावरच्या दमट उन्हात दर १५ मिनिटांनी पाणी पाजा. तहान लागल्याचे मुले सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती तुमच्यासमोर नक्की येणार आहे. संघात १२ जण घेता येतात आणि तुमच्याकडे १६ आहेत. निवड कशावर होणार ते पहिल्याच आठवड्यात मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून सांगा: उपस्थिती, सरावातला प्रयत्न, आणि साथीदाराशी वागणूक. उरलेल्या चौघांना सराव सामन्यांत पूर्ण वेळ खेळवा. खेळाबद्दल परीक्षेत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांविषयी विचारणारे पालकही येतील. त्यांना टाळू नका, नियम काय आहे ते क्रीडा कार्यालयातून विचारून त्यांना स्पष्ट सांगा. बाकावर बसलेल्या मुलाशी दर सामन्यात एकदा तरी बोला, आणि त्याला एक काम द्या. माझ्याकडे बाकावरचे मूल तीन रकान्यांची वही सांभाळते: ट्रॅव्हलिंग, चुकीचा पास, चुकलेला मोकळा ले-अप. गुणफलकापेक्षा ही वही मला संघाबद्दल अधिक सांगते.

सोमवारच्या सरावापासून एवढेच करा. १५ मिनिटे थांबणे आणि पिव्हट, २० मिनिटे ड्रिबलशिवाय तिघांविरुद्ध तिघे, १५ मिनिटे दोघांविरुद्ध एक, २० मिनिटे बचावाच्या दोन सवयी तिघांच्या खेळातच, आणि शेवटी १० मिनिटे दमलेल्या अवस्थेत फ्री थ्रो, कारण सामन्यातही ते दमल्यावरच मारावे लागतात. उरलेली १० मिनिटे पाणी आणि बोलण्यासाठी. तीन आठवड्यांनी शेजारच्या एखाद्या शाळेशी सराव सामना ठेवा, वहीतले तीन आकडे इथे लिहा, आणि मग पुढच्या सात आठवड्यांत कशाला किती वेळ द्यायचा ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.